पाचवा स्टड

"आठ दिस झालं, दिनू. एवढ्यात बाईमाणूस कुरडया घालून, वाळवून डब्यात भरतंय. आणि तुझं दोनच स्टड?"

मामंजींनी काठीचं टोक इंजिनाच्या ब्लॉकवर आपटलं. बाकावर बसलेली तीन गिऱ्हाइकं हसली. यजमान हसले नाहीत, रागावलेही नाहीत. वाकून स्टडच्या बुडाशी रॉकेल सोडत राहिले, थेंब थेंब, जसं लहान मुलाच्या कानात औषध सोडावं.

मी विश्वकर्म्याच्या तसबिरीखाली पाटावर बसून जप करत होते. माझं मौन होतं.

लग्न होऊन गडहिंग्लजला आले त्याच वर्षी मी ते व्रत धरलं. आंघोळ झाल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत बोलायचं नाही. नैवेद्य रोज बाराच्या ठोक्याला, म्हणून सगळे म्हणायचे, वैनी बारापर्यंत मुकी. घर मागे दोन खोल्यांचं आणि पुढे पत्र्याचा कारखाना. देवघर आत, पण विश्वकर्म्याची तसबीर कारखान्यात, म्हणून माझा पाटही तिथेच. गिऱ्हाइकांनाही सवय झाली होती. बाई बसली आहे, तिच्यासमोर शिव्या द्यायच्या नाहीत, एवढं ते पाळत. बाकी सगळं माझ्यादेखत चाले. न बोलणाऱ्या माणसाला ऐकूही येत नाही, असं लोक धरून चालतात.

ते इंजिन म्हणजे मामंजींनी आपल्या उमेदीत दुरुस्त केलेलं पहिलं. एका गुऱ्हाळावर तीस वर्षं चाललं, मग दहा वर्षं उसाच्या पाचटाखाली गंजत पडलं. मालकानं टाकून दिलेलं मामंजींनी बैलगाडीतून आणवलं आणि दोन्ही मुलांना समोर उभं करून सांगितलं,

"हेड निघालंय. पर हेडाला धरून ठेवणारे पाच स्टड ब्लॉकात रुतून बसल्यात. गंजानं आटं खाल्ल्यात सगळ्यांचं. ब्लॉक न फोडता जो पाचीच्या पाची काढंल, त्याच्या हातात दसऱ्याला हातोडा. न्हाईतर मी मरस्तोवर माझ्याच हातात."

आमच्यात खंडेनवमीला हत्यारं झोपवतात. धुऊन, तेल लावून, नव्या कापडावर मांडून पूजा करायची आणि मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत एकालाही हात लावायचा नाही. दसऱ्याला घरातला कर्ता माणूस ऐरणीवर पहिला घाव घालतो, तेव्हा हत्यारं जागी होतात. ज्याच्या हातात तो हातोडा, त्याचा कारखाना. कागदबिगद काही नसतो. मामंजींचे हात दोन वर्षं थरथरत होते. हातोडा कुणाला तरी द्यावाच लागणार होता.

यजमान थोरले. पण मामंजींचा जीव धाकट्यावर, विलासवर. विलास उंच, देखणा, तोंडानं तिखट. आजऱ्याची एक मुलगी बघून ठेवली होती त्याच्यासाठी. दिवाळीनंतर सुपारी फुटायची होती. इंजिनाचा आवाज रस्त्यावरून ऐकून तो दोष सांगायचा आणि बरोबर सांगायचा. यजमानांना तसं यायचं नाही. ते इंजिनाशेजारी मांडी घालून बसायचे.

पाचांतले दोन स्टड पहिल्या दिवशी सहज आले. उरलेल्या तिघांशी यजमान आठ दिवस झगडत होते. ब्लॉक बिडाचा, ओतीव लोखंडाचा, एकाएकी तापवला की तडकतो, म्हणून आगीला हात लावायचा नाही हा त्यांचा हट्ट. रॉकेल सोडायचं, डोक्यावर हलके ठोके द्यायचे, पाना लावून आधी केसभर आवळायचा, मग केसभर सैल करायचा. पुन्हा रॉकेल.

"दादा, त्येला पाळण्यात घाल आता," विलास म्हणायचा. "अंगाई म्हण. निघंल."

"बायकूला म्हणायला लाव," मामंजी म्हणायचे. "बारानंतर."

तिसरा सप्तमीला निघाला. चौथा अष्टमीला पहाटे, मी सडा घालत असताना. यजमान तो तसाच तळहातावर घेऊन परसात आले, मला दाखवायला. काळा, ओला, आट्यांत लालसर चिखल. माझं मौन सुरू झालं नव्हतं. "पाचवाबी हललाय," ते म्हणाले. "पाव आटा. आज निघतोय बघ." त्यांच्या तोंडावर एवढं सुख मी आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

नऊ वाजता ते कोपऱ्यावर चहाला गेले. मामंजी आत झोपले होते. मी पाटावर होते.

विलास आला. त्यानं पाचव्या स्टडला पाना लावला, पान्याच्या दांड्यात सहा फुटी पाइप घातला आणि पाय रोवून, सगळं अंग टाकून एकच हिसका दिला. कट् असा बारीक आवाज झाला, सुपारी फुटल्यासारखा. स्टडचा वरचा अर्धा भाग पान्यातच राहिला. त्यानं तो जमिनीवर टाकला, पाइप जागेवर उभा केला, हात फडक्यानं पुसले. मग माझ्याकडे बघितलं. ओठांवर बोट ठेवून हसला.

"वैनी, मौन हाय न्हवं?"

यजमान परत आले तेव्हा तुटका तुकडा पायाशी पडलेला होता. ते खाली बसले आणि ब्लॉकमध्ये उरलेल्या बोटभर खुंटाला अंगठ्यानं चाचपत राहिले. तेवढ्यात मामंजी बाहेर आले.

"मोडलास?"

आपणच सकाळी जास्त जोर देऊन तो आतून चिरवला असेल, असंच यजमानांना वाटत होतं. त्यांचा स्वभावच तसा.

"आठ दिस कुरवाळून मोडलास. हातोडा पायजे हुता म्हणं. जा, बायकूच्या पदराला हात पूस आणि आत जाऊन भाकरी थाप."

बारा वाजले. मी नैवेद्य दाखवला, बाहेर आले आणि मामंजींच्या पायांशी उभं राहून हळूच सांगितलं, जे बघितलं ते. पाइप, हिसका, फडकं, सगळं. माझा आवाज मुळात बारीक. गिऱ्हाइकं ऐकायला पुढे झुकली.

मामंजींनी मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "जप करताना डोळं मिटायचं असत्यात का उघडं ठेवायचं?"

मी पदर सारखा केला.

"सांग की पोरी. देवाचं नाव घेत हुतीस का दिराची राखण करत हुतीस?"

बाकावर हसू फुटलं. विलास म्हणाला, "आबा, असू द्या. नवऱ्यासाठी बाई काय करणार न्हाई? खोटं बोलली तर देव माफ करतोय. रोज पाच तास जप हाय जमेला."

"असलं बोलण्यापरीस मुकी बरी तू," मामंजी म्हणाले. "मौन धरलंयस ते नीट धर."

यजमानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता की नाही, मला कळलं नाही. ते भाकरी थापायला गेले नाहीत, पण आत गेले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा दोन वर्षं मीच करत होते. मामंजींनी आदल्या दिवशी तेवढं बोलूनही सकाळी मलाच हाक मारली. "त्या इंजिनालाबी आंघोळ घाल गं. देवाचं पाणी पडल्यावर सोडंल तर सोडंल."

अभिषेकाचं पाणी म्हणजे तीर्थ. ते पायदळी जाता कामा नये, हे मामंजींचंच शिकवणं. ऐरण मी परातीत ठेवून न्हाऊ घालत असे आणि परातीतलं पाणी तुळशीला. पण एवढा ब्लॉक कुठल्या परातीत मावणार? ब्लॉकच्या पोटात, भिंतींच्या मधून, पाणी खेळायला पोकळी असते. इंजिन तापू नये म्हणून. वरून ओतलेलं सगळं त्या पोकळीत जाऊन खालच्या भोकांतून जमिनीवर सांडणार. यजमानांनी पहाटेच, हत्यारं झोपायच्या आधी, बाभळीच्या खुंट्या तासून दिल्या. खालची भोकं मी त्या खुंट्या ठोकून बंद केली. दूध-पाण्याच्या पाच कळश्या वरून ओतल्या. मग मुंग्या-माश्या नकोत म्हणून वरची भोकंही खुंट्यांनी बंद केली, दगडानं ठोकून, घट्ट. दसऱ्याला काढून तुळशीत ओतायचं होतं. वरून हळदीचा लेप, कुंकू, झेंडूची फुलं. ब्लॉक नवरीसारखा दिसत होता. खुंट्या कुठे आहेत ते माझ्या आणि यजमानांच्या शिवाय कुणालाही ओळखता आलं नसतं. ओलं लाकूड फुगतं, हेही आम्हां दोघांनाच सुचलं असतं.

त्या दिवशी नवमी साडेअकराला संपत होती. म्हणून मामंजी होमासाठी देवळात गेल्यावर मी नैवेद्य लवकर, अकरालाच दाखवला. पुरणाचा. आणि ताट घेऊन परत पाटावर येऊन बसले, कारण नवरात्रात माझा संध्याकाळपर्यंतचा जप असायचा.

सव्वाअकराला विलास आला. शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातून गॅसची नळकांडी हातगाडीवर घालून आणली होती. मी मान वर केली तर म्हणाला,

"असं बघू नका वैनी. आबांना इचारलंय. आपली हत्यारं झोपल्यात, दुसऱ्याची जागी हाईत. आणि इंजिन म्हंजे हत्यार न्हवं. गिऱ्हाईक हाय." स्वतःच हसला. "आग दाखवतो त्या खुंटाला. लाल केला की लोणी. पाव तासाचं काम, दादानं आठ दिस घातलं."

ताटात पुरण होतं. त्यानं हात पुढे केला. मी तळहातावर घास ठेवला. त्यानं तो तोंडात टाकला, बोटं चाटली आणि गॅस पेटवला.

खुंटाभोवतीची फुलं त्यानं बाजूला केली, तेवढीच. निळी ज्योत खुंटावर धरली. गॅसचा फुस्स आवाज कारखानाभर झाला. हळद आधी तपकिरी झाली, मग काळी. कुंकवाचा जळका वास. मी मणी ओढत होते. बिडाचा जाड ब्लॉक लवकर तापत नाही. पण एका जागी धरलेली ज्योत आत जाते.

सातआठ मिनिटं झाली असतील. गॅसच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज मला ऐकू यायला लागला. चहाचं आधण उकळायच्या आधी पातेलं गुणगुणतं तसा. ज्योत धरणाऱ्याच्या कानाला तो येणं शक्य नव्हतं. खुंट लालसर दिसू लागला होता. विलास अजून वाकला, तोंड अगदी जवळ नेऊन, रंग बघायला.

दारात यजमान आले.

त्यांनी ज्योत बघितली, ब्लॉक बघितला, खाली बंद असलेली भोकं बघितली. त्यांचं तोंड उघडलं. "विला..." एवढं निघालंही असेल, गॅसमध्ये विरलं. आणि त्यांची नजर माझ्याकडे वळली.

मी मान हलवली. एकदा. डावीकडून उजवीकडे.

यजमानांनी तोंड मिटलं.

मग ते झालं. वरची खुंटी गोळीसारखी उडाली आणि तिच्यामागून पांढरा लोट, सरळ वर, वाकलेल्या तोंडावर. विलासच्या हातातली ज्योत जमिनीवर पडून फिरत राहिली. तो ओरडला तो आवाज माणसाचा नव्हता. यजमान धावले, गॅस बंद केला, त्याला धरून ओढत बाहेर नेलं. दुधाचा वास सुटला होता, उतू गेलेल्या दुधाचा.

शेजारपाजारची माणसं जमली. वेल्डिंगवाल्याची बायको माझ्या अंगावर धावून आली, "अवो, तुमी हितंच बसला हुतासा! पाणी भरलेलं तुमाला ठावं हुतं न्हवं? हाक मारायची न्हाई?"

मी यजमानांकडे बघितलं.

"तिचं मौन असतंय," यजमान म्हणाले. "बारापर्यंत."

घड्याळात अकरा पंचवीस झाले होते.

ती बाई थांबली. तिनं माझ्या हातातल्या माळेकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "देवा," ती म्हणाली, "केवढी ही निष्ठा." आणि हात जोडले.

आता बोलता येणार नव्हतं. विलासला रिक्षात घालेपर्यंत, तो "वैनी, पाणी, वैनी" म्हणत असताना, मी त्याच्या तोंडावर कळशीनं पाणी सोडत राहिले, अवाक्षर न काढता. बाराचे ठोके पडले, तेव्हा रिक्षा जाऊन पंधरा मिनिटं झाली होती.

दसऱ्याला सकाळी मामंजी दवाखान्यातून आले. आठ दिवसांत माणूस म्हातारा होतो असं म्हणतात. ते एका रात्रीत झाले होते. ब्लॉकपाशी उभे राहिले. "हातोडा कुणाला द्यायचा," ते स्वतःशीच म्हणाले. "पाचवा तर तसाच हाय."

यजमानांनी खाली बसून खुंटाला हात लावला. थंड झाला होता. हातगाडीवर राहिलेल्या वेल्डिंगवाल्याच्या पान्यानं धरला आणि फिरवला. तो फिरला. तापून पसरला होता, निवून आकसला होता, गंज सुटला होता. विलासच्या आगीनं आपलं काम पुरतं केलं होतं. तीन फेऱ्यांनंतर तर बोटांनीच निघाला. ब्लॉकला तडा नव्हता.

"निघाला?" मामंजींचा आवाज फुटला. "तुझ्या हातानं निघाला, दिनू?"

यजमानांनी माझ्याकडे बघितलं. मी पाटावर होते. सकाळचे सात वाजले होते. मी मणी ओढला.

"व्हय," यजमान म्हणाले.

मामंजींनी हातोडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी ऐरणीवर घाव घातला. माणसांनी सोनं वाटलं.

विलासचा एक डोळा गेला, दुसऱ्यात धुकं राहिलं. उजेड आणि अंधार एवढंच कळे. आजऱ्याच्या मंडळींनी निरोप पाठवला, मुलीचं वय अजून लहान आहे. मामंजी दोन वर्षांत गेले. विलास आमच्याजवळच राहिला. दुसरं कोण होतं त्याला? यजमान त्याला हात धरून परसाकडे नेत, न्हाऊ घालत, ताटात काय कुठे वाढलंय ते सांगत. ते पहिल्यापासून कमी बोलायचे, नंतर आणखी कमी. माझ्याशी त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. वाईटही बोलले नाहीत. दरवर्षी दसऱ्याला पहिला घाव घालायचे आणि हातोडा खाली ठेवताना हात फडक्यानं पुसायचे.

विलास कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. नटबोल्टांचा डबा मांडीवर. बोटांनी आटे चाचपून मापं वेगळी करायचा, कधी चुकायचा नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला माझी गोष्ट सांगायचा. वैनींचं व्रत केवढं कडक. दीर डोळ्यांदेखत भाजला पण मौन मोडलं नाही. त्यानं सांगून सांगून पंचक्रोशीत माझं नाव झालं. नवस बोलायला बायका येऊ लागल्या. माझ्या हातचं तीर्थ नेऊ लागल्या. विलासही रोज बाराला हात पुढे करायचा. तीर्थ घ्यायचा. सणावाराला पुरण मात्र त्यानं कधी खाल्लं नाही. "गोड सोसत न्हाई," म्हणायचा.

गेल्या पौषात यजमान गेले. तेरावं झालं, पाहुणे परतले. चौदाव्या दिवशी सकाळी मी पाटावर बसले होते आणि विलास खुर्चीत. कारखान्यात दुसरं कुणी नव्हतं.

"वैनी," तो म्हणाला, "जप चालू द्या. निस्तं ऐका."

डब्यातून त्यानं एक तुकडा काढला. बोटभर लांबीचा, दोन्ही बाजूंनी झिजलेला. पाचव्या स्टडचा, मी ओळखला.

"त्या नवमीला तुमी मला प्रसाद दिलासा. पुरणाचा. हातावर."

माझी बोटं थांबली.

"नैवेद्य झाल्याबिगर तुमी मुंगीलाबी प्रसाद देत न्हाईसा. सगळ्या गावाला ठावं हाय." त्यानं तो तुकडा अंगठ्याखाली फिरवला. "तोंडात गोड हुतं वैनी, तवाच ते फुटलं."

बाहेरून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत विलास थांबला.

"स्टड मी मोडला हुता. ते खरं हाय. तुमी सांगितलासा ते खरं हुतं. त्येची शिक्षा एवढी असतीया का, ते मी चाळीस वर्सं हितं बसून मोजतोय. दादाला कधी इचारलं न्हाई. त्यो माझा हात धरून न्यायचा, त्याला काय इचारू? आणि लोकांना खरं सांगून कुठं गेलो असतो? जेवायला ह्याच घरात बसायचं हुतं. तुमच्याच हातचं."

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते, ते मला आजही सांगता येणार नाही. त्याला दिसलं नसणार. पण श्वास ऐकू आला असेल.

"ऱ्हाऊ द्या," विलास म्हणाला. "अजून बारा वाजायचं हाईत."

आणि पुन्हा नट वेगळे करायला लागला. मोठा या डब्यात, बारका त्या डब्यात.

बाराला मी नैवेद्य दाखवून बाहेर आले. चंदगडकडचं एक गिऱ्हाईक पंपाचं इंजिन घेऊन आलं होतं, नवखं होतं. विलासनं तळहात पुढे केला. मी तीर्थ घातलं. तो प्यायला, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि त्या माणसाकडे तोंड वळवून मोठ्यानं म्हणाला,

"ह्या आमच्या वैनी. पाया पड बाबा. माझं डोळं गेलं ह्यांच्या म्होरं, हितंच, ह्या जागेवर. पर बाईनं मौन मोडलं न्हाई. असली बाई बघितलीयास का कुठं?"

त्या माणसानं चपला काढल्या. खाली वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.